बागेतील कंदवर्गीय झाडांचे सुकणे आणि पुन्हा उगवणे

फाल्गुन सरता सरता शाळेच्या बागेची कळा पालटते. श्रावणात ज्या वाफ्यात हळदीची पाने कमरेइतकी वाढलेली असतात, तेथे पिवळा पाचोळा आणि भेगाळलेली माती एवढेच उरते. सुरणाची छत्री त्यापूर्वीच कोसळलेली असते. पाणी न मिळालेल्या सोनटक्क्याचे दांडे वाळून आडवे होतात आणि कुंपणावर चढलेल्या कळलावीचा तर मागमूसही राहत नाही. मुले सांगतात, "गुरुजी, झाडे मेली." मग सुट्टीपूर्वीच्या साफसफाईत तो वाफा खणून सपाट केला जातो. काही कंद निघालेच तर ते कुंपणाबाहेर पडतात. जूनमध्ये शाळा उघडल्यावर त्याच जागी भाजीचे बी पेरले जाते, आणि जमिनीत राहिलेल्या एखाद्या कंदाचा टोकदार कोंब वर आला तर तण समजून तोही उपटला जातो. चार-पाच वर्षे जोपासलेली झाडे अशा रीतीने एका दिवसात नाहीशी होतात. त्याहून मोठी हानी अशी की, झाडाच्या आयुष्यातील एक अत्यंत अर्थपूर्ण काळ मुलांच्या डोळ्यांसमोर घडत असूनही 'मेले' या एका शब्दाखाली झाकला जातो.

झाड सुकले म्हणजे मेले, ही समजूत सर्वस्वी चुकीची आहे असे मात्र नव्हे. तेरडा खरोखरच मरतो. पावसाबरोबर तो उगवतो, फुलतो, त्याची बोंडे फुटून बी चोहीकडे उडते आणि पावसाळा सरला की मुळासकट सारे झाड संपते. पुढील वर्षी त्या जागी दिसणारा तेरडा हा त्याचा वंशज होय. कळलावीचे तसे नाही. ज्या भाद्रपदात गौरीसाठी तेरडा आणला जातो, त्याच भाद्रपदात कळलावीची पिवळी-तांबडी फुलेही गौरीपुढे येतात. कोकणात काही ठिकाणी त्यांना 'गौरीचे हात' असेच म्हणतात. कार्तिकापर्यंत दोन्ही झाडे सारखीच वाळून जातात. परंतु पुढील आषाढात उगवणारी कळलावी ही नवी नसते, ती गेल्या वर्षीचीच असते. तेरडा वर्षायू आहे, तर कळलावी बहुवर्षायू. हा भेद वरच्या पाचोळ्याकडे पाहून कधीच कळणार नाही, तो कळावयास माती उकरावी लागते.

येथे एका शब्दाचा खुलासा उपयुक्त ठरेल. अमरकोशात 'ओषधी' ही संज्ञा, फळ पिकताच जिचा अंत होतो अशा वनस्पतीस दिली आहे. आजच्या मराठी वनस्पतिशास्त्रात मात्र मऊ खोडाच्या कोणत्याही लहान झाडास ओषधी म्हणतात, मग ते एक वर्ष जगो वा वीस. शिवाय 'ओषधी' आणि 'औषधी' या शब्दांत मुलेच काय, मोठी माणसेही घोटाळा करतात. दोन्ही शब्द फळ्यावर शेजारी-शेजारी लिहून एकदा अर्थ सांगितला, तर पुढील बराच गोंधळ टळतो.

आता मूळ प्रश्न असा की, जगावयाचे असूनही झाड आपला वरचा भाग का टाकून देते? पानांच्या सूक्ष्म छिद्रांतून पाण्याची वाफ सतत बाहेर जात असते. हळद, सुरण, अळू यांची पाने रुंद व पातळ असतात. पावसाळी, ढगाळ हवेत ती भरपूर कामास येतात, पण माघ-फाल्गुनातील कोरड्या वाऱ्यात तीच पाने झाडाचे पाणी भराभर उडवून टाकतील. मोठे वृक्ष अशा वेळी पाने गाळतात आणि खोड राखतात. पळस, सावर, पांगारा यांचे उघडे बुंधे उन्हाळाभर उभे असतात, कारण त्यांचे खोड काष्ठाचे असते. मऊ खोडाच्या झाडाला असा आधार नाही. ते पानांबरोबर खोडही सोडून देते आणि जे राखावयाचे ते जमिनीखाली राखते. वीतभर खोल मातीत वरचे ऊन पोहोचत नाही, ओल थोडी टिकते, गुरांचे तोंड लागत नाही आणि डोंगरावरचा वणवासुद्धा गवत जाळून वरच्या वर निघून जातो.

पुष्कळ पुस्तकांतून हा विषय हिमाच्या चित्रासह मांडलेला असतो: हिवाळ्यात झाड जमिनीत जाते आणि वसंतात परत येते. थंड देशांपुरते ते वर्णन यथार्थ आहे. महाराष्ट्रात मात्र झाडांना जमिनीत लोटणारी गोष्ट हिम नसून कोरडेपणा आहे, आणि त्यांचा 'वसंत' मृगाच्या पावसाबरोबर येतो. पुस्तकातील चित्र तसेच्या तसे शिकविले तर मुलांना आपल्या परसातील झाडांचा मेळ त्याच्याशी घालता येत नाही. झोपेचा काळ ठरतो तो त्या त्या प्रदेशात कोणता ऋतू अवघड आहे यावरून. काश्मिरातील पांपूरचे केशर हे याचे फार चांगले उदाहरण होय. केशराची फुले ऑक्टोबरच्या अखेरीस व नोव्हेंबरात येतात. त्याची गवतासारखी अरुंद पाने थंडीतही टिकतात, आणि एप्रिल-मेमध्ये, जेव्हा इतर झाडे टवटवीत होतात तेव्हा, ती पिवळी पडून नाहीशी होतात. सारा उन्हाळा केशर कंदाच्या रूपाने मातीत पडून असते. बर्फाच्या प्रदेशात राहूनही केशराची झोप उन्हाळ्यातली आहे.

याच केशराची आणखी एक गोष्ट लक्षणीय आहे. त्याचा नवा कंद जुन्या कंदाच्या डोक्यावर तयार होतो. असे दरवर्षी होत राहिले तर काही वर्षांत कंद जमिनीबाहेर यावयास हवा. तसे सहसा होत नाही, कारण नव्या कंदास काही जाड मुळे फुटतात आणि ती पुढे आकसून कंदाला खाली ओढून घेतात.

कंदात साठा येतो कोठून, हे समजल्यावाचून बाकीचे सारे व्यर्थ आहे. मुलांची साधारण कल्पना अशी असते की, कंद जमिनीतून 'खाऊन' फुगतो. वस्तुतः त्यातील पिष्ट पानांनी केलेले असते. पान सूर्यप्रकाशात साखर तयार करते, ती साखर दांड्यातून खाली उतरते आणि कंदात पिष्टाच्या रूपाने साठते. जमिनीतून येते ते पाणी आणि क्षार. हळदीच्या वाफ्यात हा क्रम उत्तम रीतीने पाहता येतो. अक्षय्यतृतीयेपासून ज्येष्ठापर्यंत गड्डे लावले जातात. पहिले महिनाभर कोंब जुन्या गड्ड्याच्या जिवावरच वाढतो. पुढे पाने मोठी झाली की ती स्वतःचे अन्न करून उरलेले खाली पाठवू लागतात. भाद्रपदाच्या सुमारास पानांच्या मधून फुलांचा तुरा निघतो, आणि त्यापुढचे दोन-तीन महिने जमिनीखालची वाढ जोरात चालते. शेतकरी याच सुमारास मातीची भर लावतात, ती कंद उघडे पडू नयेत म्हणून. पौष-माघात पाने पिवळी होतात. लागवडीपासून हे सारे आठ-नऊ महिन्यांत पुरे होते.

पानांचे पिवळे पडणे म्हणजे नुसता ऱ्हास नव्हे. बिऱ्हाड हलविताना माणसे उपयोगी सामान आधी नेतात आणि भिंती तेवढ्या मागे ठेवतात. पान नेमके तेच करते. हिरवे द्रव्य मोडले जाते, पानातील नत्र, तसेच स्फुरद व पालाश यांचा बराचसा भाग काढून घेऊन कंदाकडे नेला जातो. हिरवा रंग गेला म्हणजे आधीपासून पानात असलेला पिवळा रंग उघडा पडतो. म्हणून पूर्ण वाळलेले पान कापले तर झाडाचे काहीच जात नाही, पण हिरवे किंवा अर्धे पिवळे पान कापले तर पुढच्या वर्षाच्या शिदोरीतून घास काढून घेतल्यासारखे होते. कोकणात व गोव्यात पातोळ्यांसाठी हळदीची पाने खुडतात. एका झाडाचे एखादे पान खुडल्याने नुकसान होत नाही, मात्र शाळेच्या लहान वाफ्यावर सारा गाव येऊ लागला तर त्याचा परिणाम माघात कंद काढताना दिसेल.

हळदीची काढणी शाळेत जरूर मुलांसमोर करावी आणि गड्ड्यांची नावे शेतकऱ्यांच्या तोंडची घ्यावीत. मधला मोठा तो जेठा गड्डा, त्याच्या बगलेतले ते बगल गड्डे, आणि बोटांसारखी ती हळकुंडे. या सर्वांच्या तळाशी एक सुरकुतलेला, पोकळ, काळपट तुकडा सापडतो. त्याला सोरा गड्डा म्हणतात. तो गेल्या वैशाखात लावलेला मूळ गड्डा होय. आपल्याजवळचे सारे देऊन तो रिता झालेला असतो. मुले बहुधा कुजका म्हणून तो फेकून देतात, परंतु या पाठातील सर्वांत बोलकी वस्तू तीच आहे.

सुरणात हा प्रकार अधिकच स्पष्ट आहे. सुरणाला वर्षाकाठी सहसा एकच पान येते. जमिनीतून निघणारा ठिपकेदार दांडा हे खोड नसून पानाचा देठ आहे आणि वरची सारी छत्री मिळून ते एक पान होय, ही गोष्ट मुलांना प्रथम खरी वाटत नाही. पान उलगडत असता जुना कंद आकसत जातो आणि पानाच्या बुडाशी नवा कंद वाढू लागतो. पान चांगले वाढले तर नवा कंद जुन्याहून मोठा होतो, पान लवकर मोडले तर लहान राहतो. म्हणजे चार वर्षे एकाच जागी उभा दिसणारा सुरण दरवर्षी आपले शरीर नव्याने घडवीत असतो. कंद पुरेसा मोठा झाला की एखाद्या वर्षी पावसाच्या तोंडाशी पानाआधी फूल येते. त्याचा वास सडक्या मांसासारखा असतो आणि त्याने कुजक्या पदार्थांवर जगणारे कीटक आकर्षिले जातात. वास नकोसा वाटला तरी ते फूल उपटून टाकू नये.

पावसाआधीच फूल कसे आले, हा प्रश्न एखादा हुशार विद्यार्थी विचारल्याशिवाय राहणार नाही. भुईचाफा तर चैत्र-वैशाखाच्या रखरखाटात, एकही पान नसताना, उघड्या जमिनीतून सुगंधी फुले वर काढतो. ही फुले साठवणीच्या बळावर येतात. आणि वेळ कळण्याविषयी म्हणाल तर याचे उत्तर स्वयंपाकघरातल्या टोपलीत आहे. पौष-माघात नुकतेच काढलेले आले ओल्या मातीत पुरले तरी ते लगेच उगवत नाही. तेच आले चैत्र-वैशाखात टोपलीत कोरडे पडून असतानाही त्याचे डोळे फुगतात व हिरवट कोंब फुटतो. पाणी तेव्हा होते आणि आता नाही. कंदातील वाढ रोखून धरणारी द्रव्ये मधल्या काळात कमी होतात, हवेतील उष्णता वाढते, आणि मग डोळा जागा होतो. पाऊस ही पुढील वाढीची गरज आहे, जागे होण्याचे एकमेव कारण नव्हे.

डोळ्याचा उल्लेख आला म्हणून एक नेहमीची चूक दाखविणे आवश्यक आहे. जमिनीखाली आहे म्हणून हळद, आले, सुरण यांना 'मुळे' म्हटले जाते. ही खोडे होत. त्यांच्यावर पेरे असतात, पेऱ्यांवर पातळ खवले असतात आणि खवल्यांच्या आड डोळे असतात. मुळाला अशी पेरे नसतात. हळद व आले यांच्या आडव्या खोडाला मूलक्षोड म्हणतात, सुरण व केशर यांच्या घट्ट, गोल खोडास दृढकंद, तर बटाट्यास ग्रंथिक्षोड. कांदा निराळाच, त्यात साठा असतो तो मांसल पानांत. या संज्ञा प्राथमिक वर्गात पाठ करून घेण्याचे काहीच प्रयोजन नाही, डोळा शोधता आला म्हणजे पुरे. खऱ्या मुळांत साठा करणारी झाडेही आहेत. शतावरीचे झुबके किंवा डेलियाची गाठोडी पाहावीत. डेलियाचे नुसते गाठोडे लावले आणि त्याला खोडाच्या बुडाचा भाग चिकटलेला नसला तर ते उगवत नाही, कारण डोळा त्या बुडाशी असतो. कळलावीचा कंद नांगराच्या फाळासारखा वाकडा असतो, त्यावरूनच संस्कृतात तिला 'लांगली' हे नाव आहे. त्याच्या टोकाशी असलेला कोंब खणताना मोडला तर बाकी कंद शाबूत असूनही फुकट जातो.

वर्गात करण्याजोगे प्रयोग साधे आहेत. आल्याचे काही तुकडे डोळ्यासह आणि काही डोळ्याविना, असे दोन कुंड्यांत वैशाखात लावावेत आणि काय होते ते मुलांनीच सांगावे. बटाट्याच्या व आल्याच्या कापावर औषधपेटीतील आयोडीनचे द्रावण एक थेंब टाकले असता जागा काळी-निळी होते, ती पिष्टाची खूण. सुरण कापण्याचे काम मुलांकडे देऊ नये. त्यात सुईसारखे अतिसूक्ष्म स्फटिक असतात आणि त्यांनी हाताला व घशाला खाज सुटते. घरोघरी सुरणाला चिंच किंवा आमसूल लावतात ते याच कारणाने. तिसरा प्रयोग वर्षभराचा आहे, पण सर्वांत मोलाचा. सारख्या वजनाचे दहा-दहा जेठे गड्डे दोन ओळींत लावावेत. भाद्रपदात एका ओळीची सर्व पाने जमिनीसरशी कापावीत, दुसरीला हात लावू नये. माघात दोन्ही ओळींचे कंद निरनिराळे काढून, माती झाडून, गावातल्या दुकानातील तराजूवर तोलावेत. कापलेल्या ओळीचे कंद हलके भरतील. पानाचे काम काय, हे त्या तराजूवर जितके कळते तितके दहा आकृत्यांनी कळत नाही.

वाफ्याची निगा राखताना अतिदयाळूपणाही घातक ठरतो. सुट्टीत कोणी कर्तव्यबुद्धीने ओसाड वाफ्यास रोज पाणी घातले तर झोपलेले कंद ते घेऊ शकत नाहीत आणि चिकण जमिनीत कंदकूज होऊन सारे नासून जाते. हळद जमिनीतच ठेवली तरी पावसाबरोबर पुन्हा फुटते, पण दाटी होते. म्हणून बेण्यापुरते गड्डे सावलीत ढीग करून, हळदीच्याच पाल्याने झाकून ठेवणे बरे. सोनटक्का, भुईचाफा, कळलावी जागच्या जागी राहू द्यावीत आणि वाफ्यावर वाळक्या पानांचे आच्छादन करावे. मात्र जे जे सुकले ते परत येईलच असे मुलांना सांगू नये. वाळलेल्या तुळशीला जमिनीखाली साठा नसतो. तिची फांदी नखाने खरवडून आत हिरवे दिसले नाही, तर तेथे नवे रोप लावावे हेच योग्य.

रानातही हेच चक्र चालू असते. ठाणे, पालघर व रायगड भागात पहिल्या पावसात शेवळे निघतात, ती सुरणाच्याच जातभाईची न उमललेली फुले होत आणि त्यांची भाजी काकडाच्या आंबट फळांबरोबर करतात. फूल खुडले तरी कंद जमिनीत असतो आणि पान फुटते, तोवर झाड जगते. खरपुडीची गोष्ट वेगळी, तिचा कंदच खातात आणि म्हणून एकदा खणली की ती संपली. तिच्या वर्गातील काही जाती सह्याद्रीत आज फार थोड्या उरल्या आहेत. साताऱ्याजवळच्या कास पठारावर पावसाळी डबक्यांत वायतुरा उगवतो. जगाला या जातीची शास्त्रीय ओळख १९८२ साली झाली. चैत्रात तेथे गेलेल्या सहलीला नुसता काळा कातळ व कोरडी माती दिसेल, आणि वायतुऱ्याचे कंद त्याच मातीत, पावलांखाली असतील.

कळलावीविषयी स्वतंत्र इशारा देणे भाग आहे. तिच्या सर्व भागांत, विशेषतः कंदात व बियांत, कोल्चिसीन नावाचे तीव्र विष असते आणि तो कंद खाल्ल्याने प्राण जातो. मुलांना तो रताळ्यासारखा वाटण्याचा संभव असतो. साफसफाईत निघालेला कळलावीचा कंद कुंपणाबाहेर टाकणे म्हणूनच केवळ नासाडी नव्हे, तो प्रत्यक्ष धोका आहे. कुंपणाजवळ कळलावी असेल तर ती कोणत्या जागी आहे हे शाळेतील प्रत्येकास ठाऊक असले पाहिजे, आणि खणण्याचे काम मोठ्या माणसानेच करावे.

यासाठी पाने हिरवी असतानाच, म्हणजे आश्विनापूर्वी, प्रत्येक झाडापाशी बांबूची खुंटी ठोकून नाव लिहावे आणि बागेचा साधा नकाशा वहीत काढावा. पाने पिवळी पडू लागल्याची तारीख, पूर्ण वाळल्याची तारीख, पहिला कोंब दिसल्याची तारीख आणि त्या दिवसापर्यंत पाऊस झाला होता की नाही, एवढी नोंद वरच्या वर्गातील मुले सहज ठेवू शकतात. दोन-तीन वर्षांच्या नोंदी जमल्या की भुईचाफा पावसाची वाट पाहत नाही आणि कळलावी पाहते, हे त्यांना वहीतच सापडते. शिक्षकांच्या बदल्या बहुधा मे महिन्याच्या आगेमागे होतात आणि नेमक्या त्याच वेळी वाफे रिकामे दिसतात. तेव्हा कार्यभार सोपविताना हजेरीपत्रक व साहित्याची यादी यांबरोबर बागेचा हा नकाशाही नव्या शिक्षकांच्या हाती द्यावा आणि कोणत्या वाफ्यात कुदळ घालावयाची नाही ते खुंट्या दाखवून सांगावे.